ज्यू प्रीस्कूल की साखळी डे-केअर? आधी वर्गातल्या बाई बघा

न्यू जर्सीत ईस्ट ब्रन्सविक, मार्लबरो, चेरी हिल या भागांत मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की मराठी घरांत एकच विषय असतो: घालायचं कुठे? एकीकडे सकाळी सात ते संध्याकाळी सहा उघडी असणारी साखळी डे-केअर. दुसरीकडे सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) किंवा ज्यू कम्युनिटी सेंटरच्या आवारातली प्रीस्कूल. कम्युनिटी सेंटरच्या शाळांत ज्यू नसलेल्या घरांतली मुलंही सर्रास असतात. आम्ही नुकतीच ही तुलना केली, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी तेच विचारत असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इमारत, खेळणी, मोबाईलवर येणारे फोटो हे सगळं मी दुय्यम धरते. या वयात मुलासाठी शाळा म्हणजे वर्गातल्या दोन बाई. त्या अनुभवी आहेत का, आणि वर्षभर त्याच वर्गात राहतील का, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं.

साखळी डे-केअरमध्ये खरी अडचण इथेच येते. २०२३ साली अमेरिकेत मुलं सांभाळणाऱ्यांचा मध्यम पगार ताशी १४.६० डॉलर होता. एवढ्या पैशांत दिवसभर कष्टाचं काम; बरं काही मिळालं की माणसं सोडून जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ‘आमच्या सगळ्या टीचर सर्टिफाइड आहेत’ असं सांगतात तेव्हा बहुधा सीडीए हे बालसंगोपनाचं प्रमाणपत्र असतं: १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४८० तासांचं प्रत्यक्ष काम. पाया म्हणून उत्तम, पण ४८० तास म्हणजे पूर्णवेळ नोकरीचे जेमतेम तीन महिने.

ज्यू प्रीस्कूलमध्येही पगार फार मोठे नसतात. तरी बाई टिकतात, कारण अनेकींची स्वतःची मुलं तिथेच वाढलेली असतात, कामाचे तास आटोपशीर असतात आणि दर आठवड्याला सिनेगॉगमध्ये भेटणारी माणसंच पालक असतात. आम्ही बघायला गेलो तो शुक्रवार होता, म्हणजे शब्बाथसाठी (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी) ‘हल्ला’ नावाचा पाव करण्याचा दिवस. एक मुलगा आईला सोडायलाच तयार नव्हता. मोठ्या बाई त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. खाली मांडी घालून बसल्या, कणकेचा गोळा दोन्ही तळव्यांत वळत राहिल्या आणि दुसरा गोळा त्याच्यासमोर ठेवला. थोड्या वेळाने त्याचा हात आपणहून गोळ्याकडे गेला. मग त्यांनी आईला मानेनेच ‘निघा’ म्हटलं. शेजारची नवी सहायक हे सगळं बघत होती. मला त्या शाळेचं मोल तिथे कळलं: जुन्या बाईंच्या हाताखाली नव्या तयार होत होत्या.

आता दुसरी बाजू. सुट्ट्या! शरदात रोश हशाना (ज्यू नववर्ष), योम किप्पुर (उपवासाचा दिवस; कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा दारफळणीचा सण तो हाच), सुकोत (मांडवांचा सण), सगळे महिन्याभराच्या आत, आणि शाळा बंद. ज्यू पंचांगातही अधिक महिना येतो, त्यामुळे तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. वसंतात पेसाख, म्हणजे आंबवलेलं धान्य वर्ज्य असणारा सण. हिवाळ्यात शुक्रवारी अनेक शाळा लवकर सुटतात. दोघांची ऑफिसं आणि घरात आजी-आजोबा नाहीत, तर रजा कुठून आणणार? या बाबतीत साखळी डे-केअर निर्विवाद सरस.

डब्याचं मात्र शाकाहारी घरांना सोपं जातं. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बऱ्याच शाळा मांस आणूच देत नाहीत. दाण्याचं कूट घातलेली खिचडी मात्र दाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या भीतीने बहुतेक ठिकाणी बंद. पेसाखच्या दिवसांत शाळा उघडी असली तर पोळीही नाही. धर्माबद्दल विचाराल तर मेणबत्त्या, गाणी, सणांच्या गोष्टी रोजच्या असतात. ते खटकणार असेल तर जाऊ नका. काही सनातनी शाळा ज्यू मुलांनाच घेतात, तेही आधी विचारा. दारावर रखवालदार दिसेल. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगवर हल्ला होऊन ११ माणसं गेली, त्यानंतर बंदोबस्त आणखी कडक झाला आहे.

अडीच ते चार वर्षांच्या वयोगटात दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती हा न्यू जर्सीचा नियम दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून काही ठरवू नका. दोन्हीकडे हेच विचारा: या वर्गातल्या बाई या शाळेत किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी मध्येच कोण सोडून गेलं? बाई रजेवर असल्या तर वर्गात कोण येतं? नाव सांगून उत्तर आलं तर चांगलं लक्षण.

माझं मत स्पष्ट आहे. मूल बुजरं असेल, घरी फक्त मराठी बोलणारं असेल आणि सुट्ट्यांची सोय होणार असेल, तर मुरलेल्या बाईंची ज्यू प्रीस्कूल घ्या. ती सोय नसेल तर डे-केअर घ्या, पण तिथली सगळ्यात जुनी टीचर कोणत्या वर्गावर आहे ते विचारून तोच वर्ग मागा. सप्टेंबरचे प्रवेश हिवाळ्यातच सुरू होतात आणि जुन्या कुटुंबांना आधी जागा मिळते, तेव्हा दिवाळी झाली की लगेच फोन करा.