‘गुडघ्याची गादी भरून देतो’ म्हणाले आणि 48,000 घेऊन गेले

सोलापूरच्या पूर्व भागात, त्यातही विडी कामगार बायांच्या वस्त्यांमध्ये, मोफत गुडघेदुखी शिबिरांच्या नावाखाली जे चाललंय ते लोकांना कळावं म्हणून हे लिहिते आहे. माझ्या आईचे आणि भावाचे मिळून 48,000 रुपये यात अडकले. पैशांचं दुःख आहेच. पण त्याहून मोठा राग याचा आहे की फिजिओथेरपीच्या नावावर कित्येक महिने तिच्या गुडघ्याला जे हवं होतं तेवढंच सोडून बाकी सगळं दिलं गेलं, आणि वर भाजल्याची जखम पदरात पडली.

आईचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि एकाच जागी मांडी घालून दिवसभर बसणं. तिच्या बरोबरीच्या बायकांमध्ये गुडघा किंवा कंबर न दुखणारी बाई शोधून सापडायची नाही. शिबिरवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. आणखी एक गोष्ट त्यांना माहीत आहे: विडी कामगारांना फंड मिळतो, आणि काम सुटल्यावर तो पैसा काही दिवस बँकेत पडून असतो. हँडबिल मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत छापलं होतं. शिबिर वस्तीतल्याच मंगल कार्यालयात, सुट्टीच्या दिवशी. बोलायला ठेवलेल्या मुली मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणाऱ्या. शेजारच्या वहिनींना त्यांनी ‘अम्मा’ म्हणत हाताला धरून आत नेलं, आणि वहिनी गेल्या म्हणून आई गेली.

आत आधी टाच एका छोट्या यंत्रात ठेवायला लावली. यंत्राने एक आकडा दिला, तो कागदावरच्या लाल पट्ट्यात बसला. ‘हाडं ठिसूळ झालीत, मावशी.’ मग गुडघा दाबून, हलवून, कटकट आवाज ऐकवून सांगितलं की वंगण संपलंय, गादी 20 टक्केच उरली आहे, सहा महिन्यांत ऑपरेशन करावं लागेल, आणि ऑपरेशन केलेली माणसं नंतर लंगडतातच. हे सगळं आईने मला जसंच्या तसं सांगितलं, कारण त्या भीतीने तिला रात्रभर झोप लागली नव्हती.

इथे थोडं थांबून सांगते, कारण फसवणुकीचं मूळ इथेच आहे. हाडांचा ठिसूळपणा आणि सांध्याची झीज हे दोन वेगळे आजार आहेत. ठिसूळपणा हाड मोडेपर्यंत बहुतेक वेळा दुखतही नाही. त्याचं पक्कं निदान खुबा आणि मणक्याच्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेवर होतं. टाचेच्या यंत्रावर फार तर पुढे तपासायला हवं का एवढाच अंदाज बांधता येतो. आणि गादी, म्हणजे कूर्चा, किती टक्के उरली हे हाताने दाबून कुणालाही सांगता येत नाही. ती साध्या एक्स-रेमध्येसुद्धा थेट दिसत नाही. दोन हाडांमधलं अंतर किती कमी झालंय त्यावरून डॉक्टर झिजेचा अंदाज घेतात, आणि तेही पेशंटला उभं करून काढलेल्या एक्स-रेवर, कारण झोपून काढला तर ते अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. गुडघा वाजणं हे तर निरोगी माणसातही होतं. म्हणजे त्या टेबलावर आईला जे जे सांगितलं गेलं त्यातलं एकही वाक्य तिच्या तपासणीतून आलेलं नव्हतं.

भीती घालून झाल्यावर पॅकेज काढलं. 40 सिटिंग, ‘अमेरिकन टेक्नॉलॉजी’, गादी पुन्हा भरून येण्याची खात्री, किंमत 80,000, पण आजच्या आज नाव नोंदवलं तर 48,000. आईने 12,000 रोख दिले. उरलेल्या 36,000 साठी दादाला फोन करून बोलावून घेतलं. तो कारखान्यातून तसाच गेला. त्याचं आधार, पॅन घेतलं, त्याच्याच मोबाईलवर ओटीपी आला, तो मुलीने वाचून भरला. ‘हे फक्त रजिस्ट्रेशनसाठी, व्याज शून्य,’ असं सांगितलं. घरी आल्यावर मेसेज आला तेव्हा कळलं की एका फायनान्स कंपनीचं कर्ज त्याच्या नावावर चढलंय, महिन्याला 3,000 चे 12 हप्ते.

या ‘शून्य व्याजा’च्या हप्त्याचं गणित नीट समजून घ्या. फायनान्स कंपनी आपलं कमिशन कापून जवळजवळ सगळी रक्कम सेंटरला सुरुवातीलाच देऊन टाकते. त्यानंतर आपण हप्ते भरतो ते कंपनीला. सेंटरचे पैसे वसूल झालेले असतात, त्यामुळे पेशंट बरा झाला काय, मधेच सोडून गेला काय, त्यांना काही फरक पडत नाही. उलट पेशंट लवकर कंटाळला तर त्यांचा फायदाच. आणि उद्या सेंटरला कुलूप लागलं तरी कर्ज आपल्या नावावर उभंच राहतं. ज्या उपचारासाठी पहिल्याच दिवशी कर्ज काढायला लावतात, तो उपचार तिथेच सोडून उठावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सेंटरमध्ये काय व्हायचं? गुडघ्याला चार पॅड लावून मुंग्या येणारा करंट, मग लाल दिव्याचा किंवा गरम पिशवीचा शेक, मग थरथरणारा पट्टा, आणि शेवटी तेल. आई खुर्चीत बसून राहायची. तिचा पाय किती वाकतो, किती सरळ होतो, मांडीच्या स्नायूत जोर किती, ती चालते कशी, जिना कसा उतरते, हे कुणी एकदाही पाहिलं नाही. खुब्याचं दुखणंसुद्धा गुडघ्यात जाणवू शकतं, म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट खुबाही तपासतो. इथे तो प्रश्नच नव्हता. घरी करायला एक व्यायाम शिकवला नाही. मी विचारलं तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, ‘ताई, मशीनच व्यायाम करून घेतं. घरी करून गुडघा अजून झिजवायचा का?’ या एका वाक्यामुळे आई घरात चालायचीही कमी झाली.

खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. झिजलेल्या गुडघ्यावर पहिला उपचार व्यायाम हाच आहे. मांडीच्या पुढचा स्नायू बळकट झाला की तो सांध्यावरचा भार उचलतो. वजन जास्त असेल तर ते कमी करणं हा दुसरा. 1 किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम सगळ्यांना द्यावा असं म्हटलंय, आणि करंट, अल्ट्रासाउंड, लेसर यांसारखे विजेवरचे उपचार फायद्याचा पुरेसा पुरावा नसल्याने देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे चांगले फिजिओथेरपिस्टही दुखणं तात्पुरतं शमावं आणि व्यायाम करता यावा म्हणून थोडा वेळ यंत्र लावतात, त्यावर माझा आक्षेप नाही. पण गेलेली कूर्चा भरून आणणारं यंत्र आजच्या घडीला कुणाकडेही नाही.

भाजल्याचं सांगते. आईला कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी झाली आहे. अशा माणसाला शेक द्यायच्या आधी त्याला गरम-गार नीट कळतंय का हे तपासायचं असतं. गरम आणि गार पाण्याच्या नळ्या कातडीला लावून ‘सांगा, कुठली गरम?’ असं विचारायचं, दोन मिनिटांचं काम. फिजिओथेरपीच्या शिक्षणात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. तिथे कुणी विचारलंच नाही. शेकाची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून ठेवली आणि मुलगा बाहेर फोनवर बोलत बसला. आईला चटका कळला नाही. संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला मोठा फोड. सेंटरवाले म्हणाले, ‘आतली उष्णता बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.’ मधुमेह्याच्या पायाला जखम म्हणजे काय हे ज्याच्या घरात घडलंय त्यालाच कळेल. ती भरून यायला खूप दिवस लागले, आणि त्या काळात आम्ही रोज पाय बघताना जीव मुठीत धरून होतो.

जखम पाहिल्यावर मी सेंटरवर गेले. एकच प्रश्न विचारला, ‘उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय?’ आधी म्हणाले डॉक्टर बाहेर गेलेत. मग म्हणाले आमची फ्रँचायझी आहे, नंबर हेड ऑफिसला असतो. भिंतीवर फ्रेम होती, जवळ जाऊन वाचली तर काही महिन्यांच्या कसल्याशा डिप्लोमाचं सर्टिफिकेट. फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बीपीटी, ही बारावी सायन्सनंतर चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी होती. आता नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची केली आहे. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायला राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. तो क्रमांक ज्याच्याकडे आहे तो न लाजता, न चिडता दाखवतो. पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं की पॅकेज घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देऊ, रिफंड होत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली त्याच सुमारास सेंटरचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. फोन बंद.

आईला सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत नेलं. रांग मोठी होती, पण डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढायला लावला, झीज मध्यम आहे आणि ऑपरेशनची आज काही गरज नाही हे पाच मिनिटांत सांगितलं. नंतर एका नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. आईला खुर्चीतून उठायला, चालायला, पायरी चढायला लावलं, गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजून लिहून ठेवलं. मग आपलाच सोलापुरी टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवला आणि तो खाली दाबून पाच सेकंद धरायला शिकवलं. पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हे पुढचे. मांडी घालून बसणं सध्या बंद, पाटाऐवजी खुर्ची. एका वेळचे 300 रुपये, आणि ‘रोज येऊ नका, घरी करा, पंधरा दिवसांनी दाखवा’ असं त्या स्वतःहून म्हणाल्या. फरक दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात हेही आधीच सांगितलं. आई आता भिंत न धरता उठते. जिना अजून दुखतो, पण मार्केटला स्वतः जाऊन येते.

पैशांचं अजून चालू आहे. आमच्यासारखं कुणी अडकलं असेल तर हे लगेच करा. कर्ज नुकतंच झालं असेल तर कर्जासोबत आलेलं माहितीपत्रक उघडा. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, आणि ती मुदत त्यात लिहिलेली असते. मुदत गेली असेल तर फायनान्स कंपनीला लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. रागाने हप्ता एकदम बंद करू नका, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो. दादा हरकत नोंदवून हप्ते भरतोय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार आहे’ असं ऐकवलं. लेखी अर्ज दिला, त्याची पोच शिक्क्यासह घेतली, वस्तीतल्या आणखी बायकांनीही सह्या केल्या, तेव्हा जबाब घ्यायला सुरुवात झाली. हँडबिल, पावती, त्या मुलींचे व्हॉट्सॲप मेसेज, जखमेचे तारखेसह फोटो, सिव्हिलचा केसपेपर, हे सगळं जपून ठेवलं होतं म्हणूनच अर्जात वजन आलं. बऱ्याच जणींकडे पावतीच नाही, कारण रोख घेताना ‘कार्डावर नोंद करतो’ म्हणून पिवळं कार्ड दिलं होतं. ते कार्डसुद्धा फेकू नका.

गेल्या आठवड्यात तशाच मजकुराचं हँडबिल अक्कलकोट रोडच्या बाजूला वाटलं गेलं. सेंटरचं नाव वेगळं आहे, पण ‘गादी भरून देतो’ आणि ‘फक्त आज’ हे शब्द तेच, आणि शेजारच्या वहिनींनी फोटोतली मुलगी ओळखली. त्याची प्रत आम्ही पोलिसांच्या अर्जाला जोडली आहे. त्या भागात कुणाची आई, सासू, आत्या शिबिराला जायचं म्हणत असेल तर तिच्यासोबत जा, आधार आणि पॅन घरी ठेवा, फोन कुणाच्या हातात देऊ नका, आणि टेबलावर बसणाऱ्याला सगळ्यांसमोर नोंदणी क्रमांक विचारा. ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांनी आमच्या अर्जात नाव घालायला वस्तीतल्या विडी कामगार संघटनेच्या बायकांना भेटावं; अर्जाच्या झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवल्या आहेत.