पाचवी ते नववी, एकच वाट: वीस महिन्यांनंतर मायक्रोबिट आणि पिको

आमच्या शाळेत प्रोग्रामिंग शिकवताना पूर्वी सहावीला स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा), सातवीला किटसोबत आलेलं भलतंच सॉफ्टवेअर आणि आठवी-नववीला आर्डुइनो (प्रोग्रामने चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) व त्याची सी++ भाषा असं चालायचं. दर जूनला पाटी कोरी. नववीतली मुलंही वर्षाची सुरुवात एलईडी लुकलुकवण्यापासून करायची, कारण मागचं शिकलेलं पुढे कामालाच येत नव्हतं. सेमीकोलन आणि महिरपी कंस हाताला बसेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागायची.

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या जूनपासून एकच वाट धरली. पाचवीला स्क्रॅच, सहावी-सातवीला मायक्रोबिट या छोट्या बोर्डावर मेककोडचे (त्याच्या प्रोग्रामिंगच्या संकेतस्थळावरचे) ठोकळे, आठवीला तोच मायक्रोबिट पण मायक्रोपायथॉनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीची पायथॉन भाषा), आणि नववीला रास्पबेरी पाय पिको हा दुसरा छोटा बोर्ड, पुन्हा मायक्रोपायथॉनच.

याचा खरा फायदा मला या वर्षी आठवीत दिसला. मायक्रोबिटवर पाच बाय पाच असे २५ दिवे असतात. सातवीत असताना एका मुलीने चौकटीच्या वहीत आपल्या नावाचा ‘ग’ बसवला होता; शिरोरेषेतच वरची ओळ संपली, उरलेल्या चार ओळींत अक्षर कोंबताना ती तासभर खोडत होती. ठोकळ्यात तिने चौकोनांवर टिचक्या मारून तो उमटवला. आठवीत तीच वही तिने पुन्हा काढली. पायथॉनमध्ये प्रत्येक दिव्याला ० ते ९ असा उजेडाचा आकडा द्यायचा असतो. तिने न विचारता पहिली ओळ ९९९९९ लिहिली आणि म्हणाली, “सर, हे तर तेच आहे.” हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो!

नववीत मात्र एका जागी सगळे अडकले. कुंडीतल्या मातीत दोन खिळे रोवून ओलावा मोजायचा प्रयोग मुलांनी मायक्रोबिटवर केला होता: ४०० च्या खाली आकडा आला की माती कोरडी. तोच प्रोग्राम पिकोवर नेला, तर माती भेगाळली तरी ‘कोरडी’ म्हणेना. मायक्रोबिट ० ते १०२३ मध्ये मोजतो, पिकोवर वाचन ० ते ६५५३५ येतं. मुलांनीच भागाकार करून साधारण ६४ पट काढली आणि ४०० च्या जागी २५६०० घातले. भाषा तीच असल्यामुळे सगळं लक्ष त्या आकड्यावर राहिलं. सी++ असतं तर आधी कंस मोजत बसलो असतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. मेककोडमध्ये पायथॉनचा पर्याय दिसतो, पण त्यातल्या आज्ञा मायक्रोपायथॉनच्या आज्ञांशी जुळत नाहीत. तिथे ‘बेसिक.शो_स्ट्रिंग’, इथे ‘डिस्प्ले.स्क्रोल’. पहिल्या वर्षी मी तो मधला टप्पा घेतला आणि पोरांचा गोंधळ उडवला. आता ठोकळ्यांवरून थेट मायक्रोपायथॉनच्या एडिटरवर नेतो.

पिको ३.३ व्होल्टचा. आर्डुइनोच्या डब्यातला अंतर मोजणारा सेन्सर ५ व्होल्टचा. तो थेट जोडला आणि एका पिकोची पिन कायमची गेली. चूक माझीच, सेन्सर वेगळे ठेवायला हवे होते. शिवाय पिकोच्या पिनांची नावं खालच्या बाजूला छापलेली असतात, ब्रेडबोर्डवर (तारा खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर) बसवला की ती झाकली जातात. आम्ही कागदाच्या पट्ट्या लिहून शेजारी चिकटवल्या.

मायक्रोबिट आर्डुइनोच्या स्वस्त नकलांपेक्षा बराच महाग पडतो. दोन मुलांत एक देऊन भागवलं. घेताना व्ही२ (दुसरी आवृत्ती) च घ्या, त्यात स्पीकर आणि माइक आहे. केबल मात्र मायक्रोबिट आणि पिको दोन्हींना एकच, मायक्रो यूएसबी. फक्त ती नुसती चार्जिंगची नाही ना, हे दुकानातच तपासा. आमच्याकडच्या पाच केबल तशा निघाल्या आणि दोन तास मी बोर्डालाच दोष देत होतो.

जुने आर्डुइनो टाकलेले नाहीत. पिकोवर हात बसलेल्या दहावीच्या मुलांना येत्या जूनपासून ते देणार आहे.