ऑटोमेशन एडब्ल्यूएसला जोडताना: ॲक्सेस की घ्यावी, रोल घ्यावा की ओआयडीसी?

सर्व्हर उभे करायचं काम टेराफॉर्म किंवा गिटहब ॲक्शन्ससारख्या ऑटोमेशन टूलकडे सोपवायचं ठरलं, की पहिला प्रश्न जोडणीचा येतो. हे टूल आपल्या एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यात कुणाच्या ओळखीवर शिरणार? माझा कौल आधीच सांगतो: टूलला ओआयडीसी (कायमची की न देता, सही केलेल्या टोकनवर ओळख पटवायची पद्धत) जमत असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

ॲक्सेस की सगळ्यात सोपी. आयएएम युजर (एडब्ल्यूएस खात्यातला वापरकर्ता) बनवा, त्याची की आणि सीक्रेट (तिचा पासवर्ड म्हणा) टूलच्या सेटिंगमध्ये पेस्ट करा, झालं. त्रास नंतर सुरू होतो, कारण आपण बंद करेपर्यंत ही की चालूच राहते. एका प्रोजेक्टवर आम्ही जुनी की थेट डिलीट केली. तीच की रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्येही होती, हे सकाळी बॅकअप नाही म्हटल्यावर कळलं. एका युजरला दोन की ठेवता येतात, त्याचा उपयोग करा. आधी नवी सगळीकडे बसवा, जुनी शेवटची कधी वापरली गेली ते कन्सोलमध्ये बघा, मग ती इनॅक्टिव्ह करून आठवडाभर थांबा. काही अडलं तर पुन्हा चालू करता येते. डिलीट केलेली परत येत नाही.

टूल दुसऱ्या कंपनीच्या एडब्ल्यूएस खात्यातून चालत असेल तर रोल बरा, म्हणजे परवानग्यांची अशी ओळख जी टूल गरजेपुरती घेतं. त्यातून मिळणारा प्रवेश तात्पुरता असतो, ठरावीक काही न सांगितल्यास १ तासाचा. पण एक्स्टर्नल आयडीची (त्या कंपनीकडे फक्त तुमच्यासाठी असलेला वेगळा ओळख-क्रमांक) अट टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या कंपनीचे ग्राहक अनेक असतात, आणि त्यातल्या कुणी तुमच्या रोलचा पत्ता स्वतःच्या सेटिंगमध्ये टाकला तर त्याला अडवणारी गोष्ट तेवढीच आहे.

ओआयडीसीमध्ये जपून ठेवायला गुपितच उरत नाही. गिटहब ॲक्शन्समध्ये ही सोय २०२१ पासून आहे. जॉब (ऑटोमेशनचं एक काम) चालला की गिटहब सही केलेलं टोकन देतं, एडब्ल्यूएस ते पडताळून एका रोलमार्फत तात्पुरता प्रवेश देतं. वर्कफ्लोमध्ये (जॉब लिहिलेली फाइल) ‘आयडी-टोकन: राइट’ ही परवानगी विसरलात तर टोकनच मिळत नाही.

खरा वेळ द्या तो ट्रस्ट पॉलिसीतल्या (तो रोल कोण घेऊ शकतं ते ठरवणारे नियम) ‘सब’च्या अटीला. ‘सब’ म्हणजे टोकन कुठून आलं ते सांगणारी त्यातली नोंद. तिथे संस्थेच्या नावापुढे नुसता तारा टाकला, तर संस्थेतली प्रत्येक रेपो (कोडचा साठा) तो रोल घेऊ शकते, कुणी सहज चाचणीसाठी काढलेलीसुद्धा. रेपो आणि ब्रँच (कोडची शाखा) पूर्ण लिहा. आणि जॉबला एन्व्हायर्नमेंट (उदा. ‘प्रॉडक्शन’) लावलं की ‘सब’मध्ये ब्रँचच्या जागी एन्व्हायर्नमेंटचं नाव येतं. मग कालपर्यंत चालणारी जोडणी अचानक नकार देते, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. आधी ही ओळ बघा.

जुन्या सॉफ्टवेअरला फक्त कीच कळत असेल, तर की द्या. पण तिच्या युजरला ॲडमिन करू नका, लागतील तेवढ्याच परवानग्या द्या.