ब्रेन गेम्स की शब्दकोडं?
विसरणं वयाच्या मानाने जरा जास्त झालंय पण रोजची कामं अजून स्वतःची स्वतः जमतायत, याला डॉक्टर एमसीआय म्हणतात. मग घरचे लगेच टॅबवर ब्रेन गेम्स टाकून देतात. गेम्सची जमेची बाजू म्हणजे लेव्हल आपोआप कमीजास्त होते, स्मरणशक्ती, लक्ष, वेग असं वेगवेगळं घोटून घेतात. पण गेममधला स्कोअर वाढला म्हणजे गोळ्या वेळेवर घ्यायचं लक्षात राहीलच असं नाही हो, खरी गोम तिथेच आहे.

शब्दकोडी जुनाट वाटतात, पण 2022 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांचा अभ्यास आला, एमसीआय असलेले 107 जण, 78 आठवडे, निम्म्यांना गेम्स निम्म्यांना कोडी (तीपण कॉम्प्युटरवरच बरं का), आणि कोडीवाले पुढे निघाले, रोजच्या कामांतसुद्धा! त्रास जरा पुढे गेलेल्यांमध्ये फरक जास्त दिसला, सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही सारखंच. अर्थात काहीच न करणारा गट त्यात नव्हता, त्यामुळे कोड्यांनी आजार थांबतो असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

मी तरी कोड्यांच्या बाजूने. मात्र वाचनाची सवयच नसेल तर गेम्स बरे, चिडचिड करत कोडं सोडवण्यात काय अर्थ?