जावयांचं आडनाव क्वे: वंशावळीच्या वेबसाइटचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी वंशावळ शोधायच्या एका मोठ्या वेबसाइटची वर्षाची वर्गणी भरली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा बहुतेक वेबसाइटना लागू आहे. आता नऊ महिने झाले. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मी त्यावर बसते. ज्यांच्या घरात इंग्लंडमध्ये परक्या देशाचं आडनाव आलंय आणि नातवंडं "आजी, हे आडनाव कुठलं?" असं विचारू लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचे जावई घानाचे. जन्म लंडनचाच, पण घराणं अक्रा शहरातलं, गा समाजाचं. आडनाव क्वे. इंग्रजी स्पेलिंग क्यू-यू-ए-वाय-ई. मेन्सा, ओवुसू, बोआतेंग ही घानाची आडनावं लंडनमधल्या आमच्या क्रॉयडनमध्ये दर दोन गल्ल्यांआड भेटतात. क्वे मात्र क्वचित. म्हणूनच नातीला कुतूहल होतं आणि मलाही.

सुरुवातीलाच मी चूक केली. वर्गणीसोबत ती वेबसाइट 'तुमच्या आडनावाचा इतिहास' छापून, चौकट करून देते. जावयांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तो मागवला. छान जाड कागद, वर आयल ऑफ मॅन या आयरिश समुद्रातल्या बेटाचं तीन पायांचं चिन्ह, खाली मजकूर: क्वे हे आडनाव आयल ऑफ मॅनचं, मूळ गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या भाषेतलं. जावयांनी हसून आभार मानले. विहीणबाईंनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ओळीवर ठेवून. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, ही माणसं कोण?" आवाजात राग अजिबात नव्हता. पण त्यांचे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांच्या आडनावाखाली भलत्याच लोकांचे पूर्वज भिंतीवर लागणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की आडनावाचा मजकूर स्पेलिंगवरून आपोआप निवडला जातो. चौकटीचे पैसे परत मिळाले. तेवढ्यावर विषय सोडता आला असता, पण मला राहवेना.

कागदावरचं सगळं खोटं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. आयल ऑफ मॅनला क्वे हे आडनाव खरंच आहे आणि जुनं आहे. तिथल्या लोकांच्या बापाच्या नावाआधी 'मॅक', म्हणजे 'चा मुलगा', लागायचं. बोलता बोलता 'मॅ' गळून गेला आणि उरलेला 'क' पुढच्या नावाला चिकटला. मॅक-विल्यमचं क्विलियम झालं, पॉलच्या मुलाचं क्वेल झालं, आणि 'मॅक-एह'चं, म्हणजे स्कॉटलंडमध्ये जे मॅके झालं त्याचं, इथे क्वे किंवा के झालं. त्या बेटावरच्या आडनावांत क, के आणि क्यूची एवढी गर्दी का, ते मला यातून कळलं.

म्हणजे ब्रिटनमध्ये एकाच स्पेलिंगची दोन आडनावं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. एक आयरिश समुद्रातल्या बेटावरचं, दुसरं गिनीच्या आखातावरच्या अक्राचं. वेबसाइटला हे दिसत नाही, कारण ती अक्षरं जुळवते. १८८१ च्या जनगणनेवर काढलेला तिचा नकाशा उघडला की आयल ऑफ मॅन गडद रंगाचं दिसतं. आजचा उघडला की लंडन. मधल्या बाणावरून वाटावं की बेटावरची माणसं सव्वाशे वर्षांत उठून लंडनला आली. खरं तर लंडनच्या रंगात बरीचशी निराळीच माणसं आहेत. घानात जन्मलेले नव्वद हजारांहून जास्त लोक २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये होते, आणि त्यांची मोठी वस्ती लंडनमध्येच, सदर्क, लॅम्बेथ, क्रॉयडन, हॅरिंगे, न्यूहॅम अशा भागांत. आजचा नकाशा जर मतदारयादीवरून केलेला असेल तर त्यातले आकडे कमीच धरा. २००२ पासून लोकांना आपलं नाव मतदारयादीच्या विकल्या जाणाऱ्या प्रतीतून काढून घेता येतं, आणि लहान मुलं त्यात नसतातच.

गा लोकांकडे क्वे आडनाव कसं झालं, ते मला वेबसाइटनं नाही, विहीणबाईंनी आणि अक्राला असलेल्या त्यांच्या नणंदेनं फोनवर सांगितलं. गा बाळाचं नाव आठव्या दिवशी पहाटे ठेवतात. अंधार असतानाच बाळाला पहिल्यांदा घराबाहेर उघड्या आकाशाखाली आणतात. नाव बापाच्या घराण्याकडून येतं. प्रत्येक घराण्याची ठरलेली नावं असतात आणि ती पिढीआड फिरतात, त्यामुळे नातवाकडे आजोबांच्या पिढीचं नाव परत येतं. पुरुषाच्या नावाआधी 'नी' आणि बाईच्या नावाआधी 'ना' लावतात. क्वे हे असंच पुरुषाचं नाव होतं. मिशनच्या शाळा आणि इंग्रजी कचेऱ्या आल्या, त्यांना प्रत्येकाचं आडनाव हवं होतं, आणि कुणाच्या बापाचं, कुणाचं स्वतःचं नाव तिथे आडनाव म्हणून नोंदलं गेलं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झाली. उलट, एकमेकांशी काही नातं नसलेल्या घरांत क्वे झाले. वेबसाइटचा सगळा डोलारा 'एक आडनाव, एक मूळ पुरुष' या कल्पनेवर उभा आहे आणि गा आडनावांना ती बसत नाही. आपल्याकडेही एका घरातला एक भाऊ कुलकर्णी राहतो आणि दुसरा गावाचं 'कर' लावून घेतो, त्यामुळे मला हे लगेच उमगलं.

स्पेलिंगचा गोंधळ इंग्रजांचाच. गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, 'क्व' ऐकला की त्यांचे कारकून 'क्यू-यू' लिहीत. केप कोस्टचे फिलिप क्वेकू हे अँग्लिकन चर्चची दीक्षा मिळालेले पहिले आफ्रिकी, साल १७६५. क्वेकू म्हणजे बुधवारी जन्मलेला. पण कागदोपत्री त्यांचं आडनाव असं लिहिलंय की इंग्रज वाचणारा 'क्वाक' म्हणेल. क्वार्शी, क्वार्टी, क्वान्सा, सगळ्यांची हीच गत. आणि तेच क्वे दुसरीकडे के-डब्ल्यू-ई-आय असंही लिहिलेलं सापडतं.

इथे मला आपल्या लिपीचा फार उपयोग झाला. माझी सवय अशी की टिपणं मराठीत करायची. वहीत एका पानावर इंग्लंडमधल्या नोंदी आणि दुसऱ्या पानावर अक्राच्या नणंदेनं सांगितलेली नावं लिहीत होते. दोन्हीकडे क्वे, क्वे, क्वेई असंच उमटत गेलं. मग लक्षात आलं की पडद्यावर ज्या दोन स्पेलिंगांचा मी वेगवेगळा शोध घेत होते ती ऐकायला एकच आहेत. त्या दिवसापासून मी स्पेलिंग नाही, आवाज शोधते. वेबसाइटमध्ये 'सारख्या आवाजाची नावं' अशी एक खूण असते, पण ती इंग्रजी कानाने बनवलेली आहे. ती क्यूचं के करत नाही. त्यामुळे प्रत्येक रूप स्वतः टाइप करावं लागतं.

आता त्या वेबसाइटबद्दल मनापासून चांगलं. आडनावाची पानं विसरा, मूळ कागदांच्या प्रतिमा उघडा. आमच्या हाती जे लागलं ते तिथूनच. १८७८ ते १९६० या काळात परदेशातून ब्रिटनच्या बंदरात उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या लंडनमधल्या क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांचे फोटो वेबसाइटवर दिसतात. जावयांचे आजोबा पन्नासच्या दशकात शिकायला आले एवढंच घरात माहीत होतं. दोन महिने आडनाव घालून शोधलं, काही नाही. मग आडनावाची चौकट कोरी ठेवली, फक्त निघायचं बंदर घानातलं ताकोराडी आणि पोचायचं लिव्हरपूल असं घातलं आणि एकेक पान बघत गेले. चौथ्या संध्याकाळी दिसलं. टाइपरायटरची ओळ, शाई जरा पसरलेली: आडनाव, मग मिस्टर, वय बावीस, धंदा विद्यार्थी, पुढे लंडनमधल्या एका वसतिगृहाचा पत्ता. शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली. वेबसाइटच्या सूचीत त्यांचं आडनाव 'ग्वे' झालं होतं, क्यूची शेपटी वाचणाऱ्याला दिसली नव्हती, आणि 'नी'चं झालं होतं 'नील'. दुरुस्ती सुचवायची सोय आहे, ती केली, आठवड्यात दिसायलाही लागली. विहीणबाईंना ते पान मोबाइलवर दाखवलं तेव्हा त्यांनी दोन बोटांनी ओळ मोठी केली आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

लिव्हरपूलबद्दल मात्र सावध करते. पश्चिम आफ्रिकेची बोट लागायची तीही तिथेच आणि आयल ऑफ मॅनहून येणारी तीही. कामासाठी बेट सोडलेली कितीतरी कुटुंबं लिव्हरपूलला स्थिरावली. म्हणजे त्या शहरातला जुना क्वे यांपैकी कुठलाही असू शकतो. वेगळे कसे करायचे? माझी पद्धत सांगते. सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून इंग्लंड आणि वेल्सच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं. आई लॅम्प्टी, क्वार्टी किंवा टेटे असेल तर घर गा. आई कॉर्लेट किंवा केली असेल तर बहुधा बेटावरचं. ही सूची स्वयंसेवकांनी चालवलेल्या 'फ्री बीएमडी'वर फुकट मिळते, त्यासाठी वर्गणी नको. बेटावरच्या जन्मनोंदी निराळ्या ठेवल्या जातात, त्या इथे सापडत नाहीत.

हे आडनाव ब्रिटनमध्ये केवळ अलीकडचं, असं कुणी म्हणालं तर मी आता एका घराण्याचं उदाहरण देते. अक्राचे केलेब जोनास क्वे हे वादक पहिल्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये 'मोप डेस्मंड' या नावाने वाजवायचे. ३ सप्टेंबर १९२१ ला त्यांना लंडनमध्ये मुलगा झाला, आणि तो चार महिन्यांचा असताना, जानेवारी १९२२ मध्ये, वडील रेल्वेच्या अपघातात गेले. तो मुलगा नी लांटे ऑगस्टस क्वाम्ला क्वे पुढे जॅझचा गायक आणि पियानोवादक झाला, नाव लावलं कॅब के. त्यांची मुलगी टेरी क्वे गायिका, मुलगा केलेब गिटारवादक, एल्टन जॉनच्या सुरुवातीच्या काळातला साथीदार, आणि धाकटा फिन्ली क्वे १९७४ चा, जन्म एडिनबरोचा. आजोबांचं नाव नातवाला गेलेलं बघा. आणि शोधणाऱ्याची पंचाईतही बघा: बाप रंगमंचावर डेस्मंड, मुलगा के, नातवंडं पुन्हा क्वे. त्यातही 'के' हे यॉर्कशरचं आणि आयल ऑफ मॅनचंही आडनाव. तिन्ही पिढ्या एका शोधात कधीच येणार नाहीत.

कागदांतली एक पोकळी वर्गणी भरण्याआधी माहीत असलेली बरी. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली. १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १९५१ ची शंभर वर्षांनी, म्हणजे २०५२ मध्ये उघडेल. मध्ये १९३९ चं युद्धकाळातलं रजिस्टर, बस्स. ताकोराडीहून बोटीनं आलेली पिढी, घानाला ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर आलेली पिढी, ही सगळी माणसं जनगणनेच्या कागदांवर दिसायला आपल्या नातवंडांचे केस पांढरे व्हायचे. जाहिरातीत 'शेकडो कोटी नोंदी' लिहिलेलं असतं, त्यातल्या आपल्या उपयोगाच्या मूठभर.

पैशांचं सांगायचं तर मी वर्गणी पुन्हा भरणार नाही. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत याच वेबसाइट संगणकावर फुकट बघता येतात, आणि क्यूच्या अभिलेखागारातही. हे मला आधी माहीत असतं तर शंभरावर पौंड वाचले असते. घरबसल्या रात्री उशिरा बघायची सोय हवी असेल, किंवा ताकोराडीची पानं माझ्यासारखी एकेक करून उलटायची असतील, तर तीन महिन्यांची वर्गणी पुरे. आडनावाचा छापील इतिहास मात्र कुणालाही, कुठल्याही आडनावाचा, भेट देऊ नका. मूळ कागदांच्या प्रतिमांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार, सूचीला अडीच, आडनावाच्या पानांना शून्य.

चौकट रिकामी होती, ती टाकवेना. आयल ऑफ मॅनचा कागद काढला आणि त्या जागी प्रवासी यादीचं ते पान छापून घातलं. खाली नातीनं स्वतःच्या अक्षरात पणजोबांचं पूर्ण नाव लिहिलंय, 'नी'पासून. पुढचा रविवार अक्राच्या आत्याआजींचा. त्यांनी घराण्याच्या पोरींची नावं पाठ म्हणून दाखवायचं कबूल केलंय, आणि मी वही काढून ठेवली आहे.