तेल सुटलेली बरणी मी परत ठेवली

सासूबाईंना साखर आहे. भाकरीबरोबर शेंगा चटणीचा तिखटपणा त्यांना झेपेना, म्हणून मुलाने पीनट बटर सुचवलं. तो हल्ली जिमला जातो, ज्ञान सगळं तिथलंच.

बेळगावच्या बाजारात एका दुकानात फळीवर दोन प्रकारच्या बरण्या होत्या. एकीत वर बोटभर तेल, खाली घट्ट गोळा. दुसरी लोण्यासारखी एकसारखी. दुकानदार म्हणाला, "ती नको ताई, जुनी झालीया, तेल सुटलंय. ही घ्या, शंभर टक्के शेंगदाणे." तसा पिवळा स्टिकरही होता. वर चाळीस रुपये सूट. घेतली.

महिनाभर सासूबाईंनी रोज दोन चमचे खाल्लं. "गोड लागतंय गं." भाजलेल्या दाण्याला गोडी असतेच, असं मीच त्यांना समजावलं. तपासणीत साखर वाढलेली निघाली. सगळा दोष बरणीचा म्हणणार नाही, त्याच दिवसांत घरात कुंदाही (बेळगावची खव्याची मिठाई) आला होता. पण शंका आली. स्टिकर कोमट पाण्याने भिजवून नखाने सोलला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पीनट स्प्रेड'. शेंगदाणे ७० टक्के, मग साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ, इमल्सिफायर ४७१. शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर १८ ग्रॅम. ३५० ग्रॅमच्या बरणीत ६३ ग्रॅम!

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे दाण्यांखालोखाल साखरच. आणि तेलाचं म्हणाल, तर कूट जास्त फिरवला की मिक्सरच्या भांड्याला तेल सुटतंच ना? दाण्याचं तेल पातळ, ते वर येणारच. ते येऊ नये म्हणून ते हायड्रोजनेटेड, म्हणजे घट्ट केलेलं वनस्पती तेल आणि तेल धरून ठेवणारा इमल्सिफायर ४७१ घालतात. अमेरिकेत ९० टक्के दाणे नसले तर 'पीनट बटर' हे नावच लावता येत नाही.

बरणी घेऊन परत गेले. आधी ती तेलवाली उचलून वाचली. घटक एकच: भाजलेले शेंगदाणे. दुकानदाराने हात झटकले, "एनू आगल्ल री (काही होत नाही हो), सगळे हेच खातात." माझ्या बिलावर नुसतं 'किराणा'.

तुम्ही बिलावर मालाचं नाव लिहून घ्या, आणि स्टिकर सोलण्याआधी फोटो काढा. मी आधी सोलला, मग शहाणी झाले. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

परवा पुन्हा त्या दुकानावरून गेले. त्याच बरण्या, तोच पिवळा स्टिकर. फक्त आता चारी कडांना वरून चिकटपट्टी मारलीय.