पश्चिमेच्या खिडकीला फिल्म: धातूची की सिरॅमिक?

रत्नागिरीच्या मावसबहिणीचा प्रश्न: समुद्राकडच्या खिडकीतून दुपारनंतर हॉल तापतो, काचेवर चिकटवायची आरशासारखी धातूची फिल्म लावू की महागडी सिरॅमिक, म्हणजे धातूऐवजी सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेली?

काळी म्हणजे थंड, हे आधी डोक्यातून काढा. उन्हातली जवळपास अर्धी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. दुकानात 'टीएसईआर' विचारा, म्हणजे एकूण किती सौरऊर्जा अडते तो आकडा. '९९ टक्के यूव्ही' सगळेच छापतात.

ऊन अडवण्यात चांगली धातूची फिल्म मुळीच कमी नाही, शिवाय स्वस्त. पण आपली खारी हवा! कड नीट सील नसेल तर गंज तिथूनच आत सरकतो. मोबाइलची रेंजही घटू शकते. आणि दिवसाचा आडोसा रात्री दिवे लावले की उलटतो, आतलं सगळं रस्त्यावरून दिसतं. सिरॅमिक गंजत नाही, समुद्रही स्वच्छ दिसतो, पैसे त्याचेच.

बसवायची मेहनत सारखीच. पावसाळ्यात मात्र नको, फिल्मखालचं पाणी सुकता सुकत नाही.

समुद्रासमोर स्वतःचं घर असेल तर सिरॅमिक. भाड्याचं, किनाऱ्यापासून आत आणि रेंज भक्कम असेल तर धातूची चालेल. पडवी असलेल्यांनी बाहेरून बांबूची चटई सोडावी; ऊन काचेपर्यंत पोचतच नाही.